जुन्या गॅलेक्सी एस-३ साठी रिस्टोअर पॅकेज: बांधायचे कसे, फ्लॅश करायचे कसे

२०१२ चा सॅमसंग गॅलेक्सी एस-३ (जीटी-आय९३००) लोगोवरच अडकला, तर बहुतेक जण पूर्ण फर्मवेअर (फोनची मूळ प्रणाली) चढवून फॅक्टरी रिसेट मारतात. फोन सुरू होतो, पण आतल्या मेमरीतले चवथीच्या घुमट-आरत्यांचे रेकॉर्डिंग कायमचे जाते. म्हणून जो भाग बिघडला आहे तेवढाच घालून छोटे पॅकेज बांधावे आणि तेच फ्लॅश करावे, म्हणजे केबलने फोनमध्ये लिहावे. बूट आणि सिस्टिम हे दोनच भाग लिहिले तर यूझरडेटाला, म्हणजे आपल्या फाइल्सच्या भागाला, हात लागत नाही.

आधी बॅटरीखालचे लेबल वाचा. आय९३०५ आणि आय९३००आय ही वेगळी मॉडेल्स आहेत, त्यांच्या फाइल्स इथे चालत नाहीत. फोन कुठल्याच बटणांना दाद देत नसेल, डाउनलोड मोडही (फोनमध्ये फाइल्स लिहायची स्थिती) येत नसेल, तर पुढचे करून उपयोग नाही. या मॉडेलच्या काही फोनांत मेमरी चिपच्याच दोषामुळे फोन अचानक मरत, त्यावर बोर्डाचेच काम लागते.

ईएफएसची प्रत

फोनचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, ईएफएस नावाच्या भागात असतो. तो भाग खराब झाला तर नेटवर्क जाते, आणि दुसऱ्या फोनचा ईएफएस आणून काम होत नाही. त्यामुळे प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. आय९३०० साठीची टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी (अँड्रॉइड सुरू न करता बॅकअप घेऊ देणारी छोटी प्रणाली) ओडिनने, म्हणजे सॅमसंग फोनवर फाइल्स चढवणाऱ्या विंडोज प्रोग्रॅमने, चढवा; फोन जोडायची रीत खाली ‘फ्लॅश’मध्ये आहे. त्या वेळी ‘ऑटो रिबूट’ची खूण काढा, नाहीतर फोन सुरू होताना जुनी रिकव्हरी परत बसू शकते. ‘पास’ आल्यावर बॅटरी काढून परत घाला आणि व्हॉल्यूम अप, होम व पॉवर एकत्र दाबून थेट रिकव्हरीत जा. बॅकअपमध्ये ईएफएस निवडून मायक्रोएसडी कार्डावर घ्या आणि लगेच संगणकावर उतरवा. रेकॉर्डिंग, फोटोही इथूनच काढून घ्या.

सिस्टिम भागातली बिल्ड.प्रॉप फाइल उघडून अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. फोनवर ४.३ असेल तर त्याहून जुने चढवू नका. ४.३ ने ईएफएसची रचना बदलली, मागे गेल्यास आयएमईआय दिसेनासा होतो.

पॅकेज बांधणे

त्याच आवृत्तीचे मूळ फर्मवेअर घ्या. त्याच्या नावातले शेवटचे ‘.एमडी५’ काढले की ती साधी टार फाइल (अनेक फाइल्सचे एक गाठोडे) असते, सेव्हन-झिपने उघडते. आतून बूट आणि सिस्टिमच्या इमेज फाइल्स बाहेर काढा. रिकव्हरीही मूळची हवी असेल तर तिसरी इमेज तीच. बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, एसबूट) आणि पीआयटी (मेमरीच्या भागांचा तक्ता) फाइल घालू नका. बूटलोडर लिहिताना केबल हलली तर फोन उठतच नाही, आणि पीआयटीने विभाजनाची मांडणीच बदलते.

फाइल्सची नावे मुळीच बदलू नका. इंग्रजी लहान अक्षरांतले तेच नाव फोनमधल्या तक्त्याशी जुळवून ओडिन जागा ठरवतो. फाइल्सऐवजी त्यांचा फोल्डरच टार केला तरीही घोळ होतो. फाइल्स आहेत तिथेच जाऊन लिनक्सच्या किंवा डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) टार कमांडने, ‘यूस्टार’ फॉरमॅट सांगून पॅकेज बनवा. मॅकवर बनवले तर ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स आत घुसतात. शेवटी एमडी५सम कमांडचे उत्तर (फाइलची तपासणी-खूण) त्याच टार फाइलच्या शेवटी जोडून नावाला ‘.एमडी५’ लावा. साधी टारही चालते, पण पेनड्राइव्हवरून नेताना फाइल खराब झाली तर ही खूणच ते सांगते.

फ्लॅश

पावसाळ्यात गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे डेस्कटॉपऐवजी चार्ज केलेला लॅपटॉप वापरा. फोनची बॅटरीही ६० टक्क्यांवर हवी. किनाऱ्याजवळच्या घरांत चार्जिंग पोर्टच्या पिनांवर हिरवट थर चढतो. फोन बंद करून, बॅटरी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो साफ करा, पूर्ण वाळू द्या.

सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर लागतो, कीज (सॅमसंगचे संगणकावरचे सॉफ्टवेअर) मात्र बंद असू द्या. डाउनलोड मोडसाठी व्हॉल्यूम डाउन, होम व पॉवर दाबा, इशारा आला की व्हॉल्यूम अप. केबल जोडल्यावर ओडिनमध्ये कॉम पोर्टचा चौकोन रंगतो. पॅकेज ‘एपी’मध्ये घाला, जुन्या आवृत्त्यांत त्याच जागेला ‘पीडीए’ म्हणतात. ‘ऑटो रिबूट’ आणि ‘एफ. रिसेट टाइम’ एवढ्याच खुणा ठेवा. ‘री-पार्टिशन’ आणि ‘नँड इरेझ ऑल’ यांना हात लावू नका, ‘नँड इरेझ ऑल’ने ईएफएसही पुसला जातो.

‘सेटअप कनेक्शन’वर अडकले तर केबल किंवा यूएसबी पोर्ट बदला, हब वापरू नका. ‘एमडी५ इनव्हॅलिड’ आले तर फाइल अपुरी किंवा खराब आहे. केबल बदलूनही ‘नँड राइट फेल’ येत राहिले तर संशय मेमरी चिपवर घ्यावा.

पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागतो, मधेच बॅटरी काढू नका. मग *#०६# दाबून आयएमईआय लेबलशी जुळवा. तो जुळत असून जिओचे सिम चालत नसेल तर घाबरू नका: आय९३०० मध्ये ४जी नाहीच.