सोयाबीनचं लिपॉक्सिजनेज आणि ड्यूटेरियम: एक टक्का भेसळ कुठे बसते

सोयाबीन दळून ओलं केलं की येणारा कच्चट वास इंदूरकरांना वेगळा सांगायला नको. त्याच्या मुळाशी मेदाम्लात ऑक्सिजन बसवणारं लिपॉक्सिजनेज हे एन्झाइम आहे. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने लिपॉक्सिजनेज-2 नसलेलं एनआरसी 132 हे वाण काढलं, ते या वासापायीच. आयसोटोपचं, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचं जड रूप (ड्यूटेरियम) घालून वेग मोजण्याचं, गाजलेलं काम मात्र याच एन्झाइमच्या लिपॉक्सिजनेज-1 या प्रकारावर झालं आहे. नवख्याने हात तिथेच बसवावा.

लिनोलेइक आम्लात (सोयातेलातलं मेदाम्ल) दोन दुहेरी बंधांच्या मधोमध 11वा कार्बन असतो आणि त्यावर दोन हायड्रोजन. एन्झाइममधल्या लोहावरचा हायड्रॉक्साइड त्यांतला ठरावीक एकच, प्रो-एस म्हणतात त्या बाजूचा, उचलतो. मग 13व्या कार्बनवर ऑक्सिजन बसतो आणि हायड्रोपेरॉक्साइड हे उत्पादन तयार होतं. आधी हायड्रोजन निघतो की आधी ऑक्सिजन बसतो, हे नुसतं उत्पादन पाहून कळत नाही. हॅम्बर्ग आणि सॅम्युएल्सन यांनी 1967 मध्ये ट्रिटियम (हायड्रोजनचं आणखी जड, किरणोत्सारी रूप) लावलेलं मेदाम्ल वापरलं, तेव्हा न वापरल्या गेलेल्या मेदाम्लात ट्रिटियम साठत गेलेलं दिसलं. जड हायड्रोजनचे रेणू मागे पडत होते, म्हणजे तो बंध तुटणं हीच पहिली पायरी.

11व्या कार्बनवर ड्यूटेरियम घातलं की वेग सुमारे 80 पटींनी पडतो. नेहमीच्या हिशोबाने 7 पटींच्या आसपास पडायला हवा. हायड्रोजन ऊर्जेचा डोंगर चढून न जाता टनेलिंगने, म्हणजे त्यातूनच आरपार, जातो, हे रसायनशास्त्रज्ञ ज्युडिथ क्लिनमन यांच्या गटाने याच फरकावरून मांडलं.

उत्पादन 234 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून मोजणी 234 नॅनोमीटरवर, 0.1 मोलर बोरेट बफर, पीएच 9, तापमान 30 अंश. क्युवेट (नमुना ठेवायची छोटी पेटी) क्वार्ट्झचंच हवं, साधं प्लास्टिक इथे प्रकाश गिळतं. 10 मायक्रोमोलर उत्पादनाला शोषण साधारण 0.236 येतं. हायड्रोजनवाल्या आम्लाला 1 नॅनोमोलर एन्झाइम पुरतं, मिनिटाला 0.4 चढ मिळतो. तेवढ्याच एन्झाइमने ड्यूटेरियमवाला चढ दिसतसुद्धा नाही, तिथे 50 नॅनोमोलर घ्या. दोन्हींसाठी एन्झाइमचा स्टॉक (मूळ साठा) एकच वापरा. नाहीतर लोहाचं प्रमाण वेगळं पडतं आणि तो फरक आयसोटोपच्या नावावर जमा होतो.

सुरुवातीला रेषा सपाट राहिली तर घाबरू नका. ताज्या एन्झाइममधलं लोह फेरस (Fe²⁺) असतं, थोडं हायड्रोपेरॉक्साइड तयार झालं की ते फेरिक (Fe³⁺) होतं आणि काम सुरू होतं. एन्झाइमला आधीच किंचित उत्पादन दिलं तर हा उशीर जातो.

खरी मेख भेसळीत आहे. ड्यूटेरियमवाल्या आम्लात 1% साधं (हायड्रोजनवालं) आम्ल राहिलं असं धरा. साध्या आम्लाचा वेग 1 मानला तर वेग होतो 0.99 × 1/80 + 0.01, म्हणजे 0.0224. याचा उलटा आकडा 45, म्हणजे 80 ऐवजी 45 पटींचाच फरक दिसतो. तुमचा परिणाम जवळजवळ अर्ध्यावर आला, आणि आलेख मात्र दिसतो अगदी सुरेख! म्हणून बाटलीवरच्या '98%' वर विसंबू नका. ऋण आयनांच्या मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वस्तुमानाचा आलेख) दोन ड्यूटेरियमवाल्या 281 च्या शेजारी 279 (एकही नसलेला) आणि 280 (एकच असलेला) यांची शिखरं किती उंच आहेत ते आधी पाहा. 280 वाल्या रेणूंतल्या काहींमध्ये प्रो-एस जागी हायड्रोजनच असतो, म्हणून तेही गुन्हेगार.

उपाय एन्झाइमच देतं. साधं आम्ल ते 80 पट आवडीने खातं, त्यामुळे एकूण आम्लाचं 5% संपेपर्यंत चालू द्या. तेवढ्यात साध्या आम्लाचा बहुतेक सगळा हिस्सा उडालेला असतो. मग पीएच उतरवून विक्रिया थांबवा, उरलेलं मेदाम्ल रिव्हर्स फेज एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) वेगळं करा आणि नायट्रोजनखाली गोठवा. हवेत उघडं राहिलं तर ते आपोआप ऑक्सिडाइझ होतं, आणि मग 234 वरची बेसलाइनच वर बसते.

शुद्धीकरणाची सोय नसेल तर 50 मायक्रोमोलर आम्लाच्या धावेत शोषण पहिलं 0.05 चढेपर्यंतचा भाग सोडा आणि त्यापुढचा उतार घ्या. त्याआधी उशीर मात्र घालवून घ्या, नाहीतर सपाट रेषा आणि भेसळीचा वेगवान भाग एकमेकांत मिसळतात.