सीमाभागाचा कोश ऑनलाइन आणण्याआधीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली गावं, देवळं, शिलालेख, वाचनालयं, नाटक मंडळ्या यांची विश्वासार्ह माहिती कोशाच्या रूपात सर्वांना मोफत वाचता यावी, असं वाटणाऱ्या मंडळींसाठी ही यादी आहे. सॉफ्टवेअर निवडायला बसलं की पहिली चर्चा मुखपृष्ठाच्या दिसण्यावर होते. ती शेवटी करा. आधी एकच नोंद समोर ठेवा आणि विचारा: ही कोणी लिहिली, कोणी तपासली, कधी बदलली, आणि दहा वर्षांनी तिचा पत्ता हाच राहील का? याची उत्तरं वाचकाला देणारं सॉफ्टवेअर दिसायला साधं असलं तरी घ्यावं.

त्यासाठी सॉफ्टवेअरच्या आधी नमुन्याच्या नोंदी लिहून काढा. एक गाव, एक व्यक्ती, एक देऊळ, एक संस्था, एक शिलालेख. लिहिताना कळतं की कोणकोणते रकाने लागणार आहेत. हलशी घ्या. खानापूर तालुक्यातलं हे गाव कदंब राजांच्या काळात पलाशिका होतं, आणि हलशी-हलसी अशी दोन्ही रूपं आजही लिहिली जातात. वाचक कोणत्याही नावाने आला तरी एकाच नोंदीवर पोचला पाहिजे, म्हणजे पर्यायी नावांवरून वळवण्याची सोय हवी. जागेच्या रकान्याला वर्षाची जोड हवीच. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, नंतर कोल्हापूर जिल्ह्यात गेलं. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतंत्र तालुका आहे. जिल्ह्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण त्याआधीचे कागद बेळगावच म्हणतात. ‘जिल्हा’ असा एकच रकाना आणि त्यात एकच उत्तर असेल, तर आपला इतिहास त्यात मावत नाही.

आता लिपी. इथे घाई केली तर पुढे सगळा कोश पुन्हा तपासावा लागतो, म्हणून जास्त वेळ इथे द्या. जुनं साहित्य बहुतेक वेळा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर मजकूर अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो, आणि शोधयंत्राला तर काहीच सापडत नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणा आणि रूपांतरानंतर माणसाने वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. मग शोधाची परीक्षा घ्या. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टंकता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ही किमान दोन रीतींनी टंकला जातो. शोधपेटीने ही रूपं एक मानली पाहिजेत, नाहीतर नोंद असूनही वाचक ‘सापडलं नाही’ वाचून परत जाईल. त्याच वेळी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ मात्र वेगळेच राहिले पाहिजेत.

अनुक्रमाचंही तसंच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आणि आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. सॉफ्टवेअरने नुसत्या संकेतांकावर क्रम लावला तर ‘काळ’ हा ‘कावड’च्या आधी येतो, ‘क्ष’ची नोंद ‘क’मध्ये शिरते आणि ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द ‘ह’च्याही पलीकडे जाऊन पडतात. क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे की क आणि ज खाली, याबद्दल कोशकारांच्या दोन्ही रीती आहेत. कोणती तरी एक ठरवा, प्रस्तावनेत लिहा, आणि सॉफ्टवेअर मराठी क्रम पाळतं का ते काल, कावड, काशी, काळ, क्षेत्र, ज्ञान, ॲल्युमिनियम असे शब्द घालून स्वतः बघा. विकणारा किंवा बसवून देणारा ‘मराठी चालतं’ म्हणाला एवढ्यावर थांबू नका.

आपल्या भागात कन्नडशिवाय काम पुरं होत नाही. रट्ट आणि कदंब या जुन्या राजघराण्यांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. मूळ पाठ कन्नड लिपीत, शेजारी देवनागरी लिप्यंतर, खाली मराठी अर्थ, असे तीन भाग नोंदीत स्वतंत्र ठेवता यावेत. प्रत्येक तुकड्याला भाषेची खूण लावण्याची सोय असावी. ती असेल तर दृष्टिहीन वाचकांचं वाचनयंत्र योग्य भाषेत बोलतं, आणि चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. अशा नोंदींना कन्नड जाणणारा तपासनीस हवाच. बेळगावात अशी माणसं शेजारच्या गल्लीत मिळतात. त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या.

संपादनाची वाट सॉफ्टवेअरमध्ये दिसली पाहिजे: लेखक, विषयतज्ज्ञ, भाषा तपासणारा, शेवटची मान्यता देणारा. प्रत्येकाला आपल्यापुरताच अधिकार, आणि कोणी काय बदललं याची पुसता न येणारी नोंद. सीमाभागाच्या विषयावर हे फार महत्त्वाचं आहे. उद्या एखाद्या वाक्यावर वाद झाला, तर आधार कोणता आणि मान्यता कोणाची हे दोन मिनिटांत दाखवता यायला हवं. म्हणून आधारग्रंथाचा रकाना रिकामा असेल तर नोंद पुढे सरकूच नये, अशी अट घालता येते का ते विचारा.

छापील कोशाची आवृत्ती हातात असते, ऑनलाइन नोंद मात्र रोज बदलू शकते. मग विद्यार्थ्याने प्रबंधात कशाचा हवाला द्यायचा? १९९५ मध्ये सुरू झालेल्या स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञानकोशाने याचं चांगलं उत्तर दिलं आहे. दर तीन महिन्यांनी संपूर्ण कोशाची एक गोठवलेली आवृत्ती जतन होते आणि हवाला तिचा दिला जातो. आपल्याला वर्षातून एकदा जमलं तरी पुरे, पण जुनी आवृत्ती वाचकाला उघडता आली पाहिजे. प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, घेता आला तर उत्तम. असे क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेत संदर्भग्रंथातल्या सुट्या नोंदींसाठी तशी तरतूद आहे. फक्त हे लक्षात घ्या की संकेतस्थळ हललं तर नवा पत्ता आपणच कळवायचा असतो. लेखकाचं नाव देवनागरी आणि रोमन दोन्हींत, सोबत ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक), आणि झोटेरोसारख्या संदर्भ जमवणाऱ्या साधनात एका टिचकीत उतरणारा हवाला, एवढं असावंच.

परवान्याचं काम लेख मागवण्याआधी संपवा. मजकूर इतरांनी कसा वापरावा हे सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा कोणता परवाना, हे लेखकाकडून लेखी घ्या आणि तो प्रत्येक नोंदीखाली दिसू द्या. छायाचित्रांचे हक्क वेगळे असतात, त्यांना वेगळा रकाना हवा. जुन्या पुस्तकांतला मजकूर घेताना भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, हे विसरू नका. १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटिअर मोकळेपणाने वापरता येतं, परवा वारलेल्या अभ्यासकाचं पुस्तक नाही.

आता सॉफ्टवेअर. ओपन जर्नल सिस्टिम्स नियतकालिकासाठी घडलेलं आहे, त्यात अंकाची चौकट कोशाला अडचणीची होते. पुस्तकांसाठीच्या ओपन मोनोग्राफ प्रेसमध्ये तपासणीची वाट चांगली आहे, पण शेकडो लहान नोंदी आणि त्यांचे आपसातले दुवे हा त्याचा स्वभाव नाही. माझा कल विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीकडे आहे. संपादनाचा अधिकार मोजक्या लोकांपुरता ठेवता येतो, प्रत्येक फेरफार जतन होतो, जुन्या रूपाला कायमचा दुवा मिळतो, आणि मान्य केलेलीच आवृत्ती वाचकाला दाखवणारी जोडणीही आहे. हाताशी तांत्रिक माणूस असेल तर टीईआय एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या भागांना खुणा लावणाऱ्या खुल्या स्वरूपात, मूळ मजकूर ठेवून त्यातून पानं तयार करणं त्याहून टिकाऊ. काहीही घ्या, पण करार करण्याआधी सगळा मजकूर खुल्या स्वरूपात बाहेर काढून दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर ते सॉफ्टवेअर नको.

पानं हलकी ठेवा, खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क कुठेकुठेच लागतं. छपाईची प्रत नीट निघते का ते बघा, वाचनालयांत अजून कागदावर वाचणारे आहेत.

शेवटी नावावरची कामं. डोमेन, सर्व्हर आणि डीओआयचं खातं संस्थेच्या नावावर असू द्या, एका उत्साही मुलाच्या ईमेलवर नको. पासवर्ड किमान दोघांकडे, नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात, आणि मजकुराच्या प्रती तीन ठिकाणी, त्यांतली एक बेळगावच्या बाहेर. वर्षातून एकदा त्यातली एक प्रत रिकाम्या संगणकावर उघडून, हलशीची नोंद नीट दिसते का ते पाहायचं आणि पाहणाऱ्याने सही करायची.