‘बापावर गेलाय’ म्हणून सोडून देऊ नका: घरातलं व्यसन आणि मनाचा आजार पोरांपर्यंत पोचवणाऱ्या या चुका टाळा

नाशिकमधली सातपूर-अंबडची कामगार वसाहत घ्या नाहीतर निफाड-दिंडोरीचा मळा, पोरगा पहिल्यांदा पिऊन घरी आला की आजी कपाळावर हात मारते, ‘शेवटी बापावर गेला.’ घरात एखाद्या मावशीच्या किंवा काकाच्या ‘डोक्यावर परिणाम’ झालेला असेल, तर मुलीच्या साध्या रुसव्याकडेही तशाच नजरेनं पाहिलं जातं. रक्तातच आहे म्हटलं की पुढे कुणी काही करायचं उरत नाही. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

रक्ताचा वाटा आहे, नाही असं नाही. दारूचं व्यसन कुणाला लागतं आणि कुणाला नाही, यात साधारण निम्मा वाटा अनुवंशिकतेचा, असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा आजार, एरवी शंभरात फार तर एखाद्याला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. म्हणजे उरलेल्या नव्वद मुलांना तो होत नाही. हे नव्वद आपल्याकडे सांगायचेच राहून जातात.

‘पोरांना काय कळतंय’

सगळं कळतं. पप्पांना गाडी स्टँडवर लावायला किती वेळ लागला, यावरून आठ वर्षांच्या मुलाला आज किती झालीय याचा अंदाज येतो. तो न सांगता वह्या दप्तरात कोंबतो आणि धाकटीला घेऊन आतल्या खोलीत जातो. सकाळी त्याला सांगितलं जातं, पप्पांना बरं नव्हतं. खरं काय ते कुणीच बोलत नाही, म्हणून तो आपल्या परीनं अर्थ लावतो आणि बहुतेक वेळा दोष स्वतःकडे घेतो: मी मार्क कमी आणले म्हणून.

लहान मुलाला चार वाक्यं पुरतात. ‘पप्पांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही. रात्री भीती वाटली तर खालच्या काकूंकडे जायचं, मी त्यांना सांगून ठेवलंय.’ चौथं वाक्य नुसतं बोलू नका, काकूंशी खरंच बोलून ठेवा. आणि ‘जा, बापाला गुत्त्यावरून घेऊन ये’ हे काम मुलावर कधीही टाकू नका.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घराण्याचा खरा इतिहास सांगायला हवा. आजोबा कशानं गेले, आत्याच्या गोळ्या कशाच्या आहेत. मधुमेहाचं आपण सांगतोच की! थांबून चालत नाही, कारण आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात.

‘घे रे, एका घोटानं काय होतंय’

हळदीच्या रात्री डीजेसमोर हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि म्हणणारा बहुतेक सख्खा मामा असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पुढे कधी ना कधी व्यसनात अडकलेले आढळले. विशी ओलांडून सुरू केलेल्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्या राज्यात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. घराण्यात व्यसन असेल तर पहिला घोट जितका लांबेल तितकं बरं. पोराला तंबाखूची पुडी आणायला पिटाळणं, आजीच्या मिशरीची डबी हाताशी ठेवणं, हेही यातच आलं. घरात कुणाला भास-संशयाचा आजार झालेला असेल तर गांजा विशेष धोक्याचा. सिंहस्थात साधूची चिलीम ‘प्रसाद’ म्हणून पुढे आली, तरी हात जोडून पुढे जायचं.

भाजीतून औषध, नाहीतर खोलीला कडी

‘त्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतीवर असतात. पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिरमसारखं दारू सोडवायचं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. शिवाय आईला भाजीत पुडी कालवताना मुलं बघत असतात, म्हणजे घरात आणखी एक गुपित वाढतं.

रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम बंद करून कोंडणं तितकंच वाईट. काही तासांत थरथर सुटते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस बरळायला लागतो. मग ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून त्याला भगताकडे नेतात. देवाला जायला कुणाची ना नाही, पण आधी दवाखाना. सोडवण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन काढले तर हा त्रास बराच टळतो.

‘लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ याबद्दल काय बोलायचं! एका पिढीचा त्रास दुसऱ्या घरातल्या मुलीच्या पदरात टाकून तिसऱ्या पिढीची तयारी करायची. आजार लपवून तर मुळीच नको.

मुलाला समुपदेशन, मोठ्यांना काहीच नाही

अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की उपचारांनी आईचं नैराश्य ओसरलं त्या घरांतल्या मुलांचीही लक्षणं कमी झाली. त्यामुळे आधी आईच्या गोळ्या नियमित सुरू राहू द्या. दिवस राहिले म्हणून त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. मूल हवं असेल तर आधीच मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला धोक्याची असल्यानं वेळेत बदलावी लागतात.

चुका आधीच झाल्या असतील तर? मुलाची झोप उलटीपालटी झालीय, तो मित्रांना टाळतोय, अभ्यास एकदम घसरलाय, उगाच संशय घेतोय आणि असं काही आठवडे चाललंय, तर ‘तूही त्याच वाटेनं चाललास’ असं बोलू नका. दाखवून आणा. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागात चौकशी करता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी 14446 आहे. जाताना तीन पिढ्यांत कुणाला काय झालं होतं ते कागदावर लिहून न्या. कुणाला कोणती गोळी लागू पडली होती तेही लिहा. औषध निवडताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.