काचेवर वाफ धरते? आधी कारण पकडा, मग कंपनीला धरा

दमट हवेत गाडीची समोरची काच धूसर झाली की कुठलंही बटण दाबायच्या आधी वायपर एकदा फिरवा. वाफ पुसली गेली तर ती बाहेरून आहे, तशीच राहिली तर आतून. बरेच जण घाईत डिफ्रॉस्ट, म्हणजे काचेवर हवा सोडणारं बटण, लावतात आणि बाहेरून वाफ असेल तर ती अजूनच वाढते, कारण एसीची गार हवा थेट काचेवर जाते आणि काच आणखी थंड होते. बाहेर ३० डिग्री आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ डिग्री असतो, म्हणजे काच त्याच्या खाली गेली की बाहेरच्या हवेतलं पाणी तिच्यावर बसणारच. अशा वेळी हवा तोंडाकडे वळवा, टेम्परेचर थोडं वाढवा, वायपर अधूनमधून मारत राहा.

आतून असेल तर उलटं. रीसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) बंद, एसी चालू, हवा काचेवर, टेम्परेचर जरा गरम. एसी मध्येच बंद करू नका, एसीच्या गार कॉइलवर साचलेलं पाणी परत हवेत येतं आणि काच क्षणात पांढरी होते. ओल्या मॅट, ओल्या छत्र्या बाहेर काढा, काच आतून नीट पुसा. पुढच्या सीटखालचं कार्पेट सारखं ओलं राहत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय का बघा, आणि गोडसर वास येऊन काचेवर चिकट थर बसत असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळत असू शकतं, ते मात्र लगेच दाखवा.

आता हे सगळं करूनही वाफ येत असेल तर. माझ्या गाडीत हवा तोंडावर सेट असताना काचेच्या तळाशी चार बोटं उंच वाफेचा पट्टा धरायचा, वायपरने जायचा आणि दोन मिनिटांत परत हजर. सर्व्हिस सेंटरवाले म्हणायचे दमट हवेत असं होतंच. शेवटी मी टिश्यूची पातळ पट्टी डॅशबोर्डवरच्या काचेजवळच्या जाळीवर धरली, ब्लोअर तीनवर, मोड फक्त तोंडाकडे, आणि पट्टी फडफडायला लागली. म्हणजे काचेकडची हवा अडवणारा आतला फ्लॅप (झडप) पूर्ण बंदच होत नव्हता आणि गार हवा काचेवर गळत होती. पण काही गाड्यांत थोडी हवा मुद्दाम वर सोडलेली असते, म्हणून नुसती पट्टी हलली एवढ्यावर भांडू नका, त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून सेम सेटिंगवर दोन्हीचा एकत्र व्हिडिओ काढा. फक्त तुमचीच गळत असेल तर ती रिपेअर आहे. दोन्ही गळत असतील आणि दोन्हीवर पट्टा येत असेल तर प्रश्न डिझाइनचा आहे, आणि तो एकट्याने नाही, सगळ्या मालकांनी मिळून कंपनीकडे न्यायचा.

जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार नोंदीच्या कागदावर, "एसी चेक करणे" असं लिहू देऊ नका. "हवा तोंडावर असताना काचेच्या खालच्या भागात बाहेरून वाफ धरते, समोरचं दिसत नाही" हे पूर्ण वाक्य लिहून घ्या, त्यातले शेवटचे तीन शब्द सोडू नका कारण हा आरामाचा नाही, सेफ्टीचा मुद्दा आहे. गाडी पावसात किंवा पहाटे न्या आणि सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरला शेजारी बसवून चालवून दाखवा, कोरड्या दुपारी वर्कशॉपमध्ये काहीच दिसणार नाही आणि ते "प्रॉब्लेम आढळला नाही" म्हणून मोकळे होतील. तसं म्हणालेच तर तेही लेखी घ्या. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, फोनवर नको, सोबत व्हिडिओ, तारीख, बाहेरचं तापमान, आर्द्रता, एसीचं सेटिंग, चेसिस नंबर. बाकीच्या मालकांनीही याच क्रमाने, पण आपापल्या गाडीचाच व्हिडिओ जोडून पाठवायचं. आणि वॉरंटीतलं पहिलं जॉब कार्ड जपून ठेवा, रिपेअर लांबत जाऊन वॉरंटी संपली तरी तक्रार आधीची होती हे त्यावरूनच दाखवता येतं.