लिश्टनस्टाइनला एका दिवसासाठी जाताना

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधल्या या एवढ्याशा देशाला जाताना आधी वार ठरवा, तिकीट नंतर. सोमवारी राजधानी फाडुट्समधलं राष्ट्रीय संग्रहालय आणि कलासंग्रहालय, दोन्ही बंद असतात. रविवारी सुपरमार्केटला कुलूप. म्हणजे मंगळवार ते शनिवार यातलाच एखादा दिवस धरा. ऑगस्टमध्ये तिकडे असाल तर मात्र वार वगैरे काही बघू नका, सरळ 15 ऑगस्ट धरा. आपला स्वातंत्र्यदिन तोच त्यांचा राष्ट्रीय दिन. 15 ला चर्चचा मेरीचा सण आणि 16 ला तेव्हाचे राजे फ्रान्झ योझेफ दुसरे यांचा वाढदिवस, असा दुहेरी मुहूर्त साधून 1940 पासून तो साजरा होतो. त्या दिवशी राजघराण्याच्या किल्ल्याजवळच्या कुरणावर भाषणं होतात, किल्ल्याची बाग लोकांना खुली होते आणि रात्री आतषबाजी असते. एरवी त्या किल्ल्याच्या दारातून आत जायला मिळत नाही.

हे मनाशी आधीच पक्कं करून निघा, कारण निराशेचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. डोंगराच्या कडेवर बुरुज, खाली गाव, मागे बर्फाची शिखरं, असं चित्र बघून लोक येतात आणि वर पोचल्यावर ‘खासगी’ अशी पाटी दिसते. 1938 पासून राजघराणं तिथे राहतं, आजही. त्याआधी ही मंडळी व्हिएन्नात असायची. 1699 आणि 1712 मध्ये त्यांनी इथले दोन मुलूख चक्क विकत घेतले, तेही पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत खुर्ची मिळावी म्हणून. 1719 मध्ये त्यांचं संस्थान झालं, आणि तरी गादीवरचा राजा पहिल्यांदा इकडे फिरकला तो 1842 मध्ये! गंमत म्हणजे राजांचा गाजलेला चित्रसंग्रहही मुख्यतः व्हिएन्नातच आहे. रुबेन्सची चित्रं बघायच्या आशेने फाडुट्सला जाऊ नका.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. वेगळा व्हिसा लागत नाही. देश 2011 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे स्वित्झर्लंडसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा इथेही चालतो. एकाच प्रवेशाचा असला तरी हरकत नाही, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. सीमेवर कुणी अडवत नाही, पण मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. फाडुट्सच्या पर्यटन केंद्रात काही फ्रँक देऊन पासपोर्टवर आठवणीचा शिक्का मारून मिळतो आणि त्यासाठी रांगही लागते. माझं मत विचाराल तर तो पासपोर्टात घेऊ नये. तो सरकारी शिक्का नाही, आणि पुढे एखाद्या विमानतळावर त्याबद्दल खुलासे देत बसण्याची हौस कुणाला असते? एक छोटी वही न्या, त्यात घ्या.

पैसे युरोत नाही, स्विस फ्रँकमध्ये लागतात. 1920च्या दशकापासून या देशाचं चलन आणि जकात दोन्ही स्वित्झर्लंडशी जोडलेली आहेत. युरो बऱ्याच दुकानांत घेतात, पण सुटे फ्रँकमध्येच परत येतात. म्हणून फॉरेक्स कार्डात युरोबरोबर थोडे फ्रँकही भरून घ्या, नाहीतर प्रत्येक चहामागे रूपांतराचा खर्च पडतो. आणि चहा काही स्वस्त नाही.

फोनचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या. लिश्टनस्टाइन युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, स्वित्झर्लंड नाही. त्यामुळे युरोपीय संघाच्या रोमिंगवर चालणारं सिम फाडुट्समध्ये मुकाट्याने चालतं आणि झुरिकमध्ये पैसे खातं. स्विस सिमचं नेमकं उलट होऊ शकतं, कारण या देशाचा स्वतःचा दूरध्वनी संकेतांक आहे, 423. आपला प्लॅन कुठे लागू आहे ते आदल्या रात्री वाचा. नकाशा आणि बसचं वेळापत्रक फोनमध्ये उतरवून घ्या आणि सीमेवरच्या ऱ्हाइन नदीच्या आसपास डेटा बंदच ठेवा. चार्जरला दोन बारीक गोल पिनांचा प्लग असेल तर तो तिथल्या सॉकेटात बसतो. आपल्या तीन जाड पिनांना अडॅप्टर हवा.

आता जाण्याचं. देशात विमानतळ नाही आणि राजधानीत रेल्वे स्टेशन नाही. ऑस्ट्रियाच्या फेल्डकिर्शहून स्वित्झर्लंडच्या बुक्सकडे जाणारा रूळ देशातून जातो, पण फाडुट्सला वळसा घालून. झुरिकहून सोयीचा रस्ता म्हणजे खूर या शहराकडे जाणाऱ्या गाडीने सारगान्स, साधारण तासाभराचा, आणि तिथून हिरव्या रंगाची लीमोबिल या तिथल्या बससेवेची बस, अर्ध्या तासाची. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो या बसमध्येही चालतो, वेगळं तिकीट काढू नका. गाडीत जाताना डावीकडची खिडकी पकडा. आधी झुरिकचं सरोवर आणि मग वालेनझे सरोवर, दोन्ही डावीकडेच आहेत, आणि वालेनझेच्या पलीकडे खूरफिर्स्टनच्या कड्यांची रांग पाण्यातून सरळ वर उठलेली दिसते. उजवीकडे बसलेले अर्धा वेळ माना वळवून उभे असतात. शक्य तितकी सकाळची गाडी घ्या. टूरच्या बसगाड्या दिवस वर आला की येतात, तासभर थांबतात, शिक्का-चॉकलेट-फोटो उरकून निघून जातात. तेवढा तास तुम्ही वर किल्ल्याच्या वाटेवर असलात की झालं.

त्या वाटेसाठी बूट. चपला, नवे सँडल, टाचा यांतलं काही नको. गावातून वर वीसेक मिनिटांचा चढ आहे, वाटेत देशाच्या इतिहासाचे फलक लावलेत, ते वाचत दम खाता येतो. जॅकेट आणि बारीक रेनकोट बारा महिने पिशवीत असू द्या. पण एक गंमत: वसंतात आणि शरदात इथे दक्षिणेकडून फ्योन नावाचा गरम वारा उतरतो आणि काही तासांत हवा बदलून टाकतो. याच उबेवर इथली द्राक्षं आणि मका पिकतो. काहींना या वाऱ्यात डोकं धरतं, त्यांनी आपली नेहमीची गोळी बरोबर घ्यावी. हवा अशी बदलते म्हणून कपडे एकावर एक, काढता येतील असे. पाण्याची रिकामी बाटली न्या, गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. जिथे नसतं तिथे तशी पाटी असते.

खाण्याबाबत शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. केझक्नोपफ्ले हा इथला खास पदार्थ. पिठाचे लुसलुशीत गोळे, त्यावर भरपूर चीज, तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गोडसर गर. पिठात अंडं असतं, ते न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. चीजला वासही असतो, तो पहिल्या घासाला जाणवतो, नंतर नाही. हॉटेलची बिलं बघून जीव दचकत असेल तर थेपले, भडंग, शेंगदाण्याची चटणी असं काहीतरी डब्यात न्या, बाकं भरपूर आहेत. वाइन पिणाऱ्यांसाठी राजघराण्याची स्वतःची द्राक्षबाग आणि तळघर गावालाच लागून आहे.

संग्रहालयं किती बघायची हे घरीच ठरवा, कारण सगळी एकाच रस्त्यावर असल्याने पाय आपोआप वळतात आणि दुपार संपते. वेळ कमी असेल तर मी रत्नभांडाराला जाईन. एक अंधारी खोली, तिच्यात फाबेर्झे या रशियन जवाहिऱ्याचं सफरचंदाच्या मोहोराचं शोभेचं अंडं. कलासंग्रहालयाची काळी चौकोनी इमारत बाहेरून तरी बघाच. ज्यांच्या घरी जुने तिकीटसंग्रह आहेत त्यांनी टपाल संग्रहालय चुकवू नये. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. 1912 पासून हा एवढासा देश तिकिटं छापतोय, आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांना त्याचं नाव पहिल्यांदा कळलं ते तिकिटांमुळेच.

दुपारसाठी दोन बेत डोक्यात ठेवा आणि एकच करा. हवा स्वच्छ असेल तर 21 नंबरची बस धरून ट्रीझेनबर्गवरून मालबुनला. साधारण 1600 मीटरवरचं गाव, वळणावळणाचा रस्ता, ज्यांना बस लागते त्यांनी पुढे बसावं. ट्रीझेनबर्गला कांद्याच्या आकाराच्या घुमटाचं चर्च आहे, आणि तिथली वस्ती शेकडो वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या वालिसमधून डोंगर ओलांडून आलेल्या वाल्झर लोकांची. ढग असतील तर वर जाऊन काहीच दिसणार नाही, तेव्हा ऱ्हाइनच्या जुन्या लाकडी पुलाकडे चला. 1901चा, छप्पर असलेला, आता फक्त पादचारी आणि सायकलींचा. मधोमध सीमा. 2007 मध्ये स्विस सैन्याची सुमारे 170 जणांची तुकडी अंधारात रस्ता चुकून या देशात शिरली होती, आणि इथल्या लोकांना ते कळलंही नाही. 1868 पासून लिश्टनस्टाइनला सैन्यच नाही, कळणार कुणाला! पुलापलीकडे सेव्हेलेन लागतं, तिथल्या स्टेशनवरून सारगान्सची लोकल मिळते. देश पायी ओलांडून परतायचा हा बेत मला बसपेक्षा आवडतो. फक्त संध्याकाळची गाडी आधीच पाहून ठेवा.

आणि घरी पाठवायची कार्डं आदल्या रात्रीच लिहून न्या, पत्त्यासकट, पिन कोड नीट घालून. तिकिटं फाडुट्सला घ्या आणि कार्डं पुलाच्या अलीकडेच पेटीत टाका. लिश्टनस्टाइनचं तिकीट स्वित्झर्लंडच्या टपालाला चालत नाही.