नेदरलँड्सचे किल्ले गाडीने: निघण्याआधीची तयारी

हॉटेल ठरवण्याआधी प्रत्येक किल्ल्याच्या उघडण्याच्या वेळा कागदावर मांडा. देश एवढासा आहे, ॲमस्टरडॅमहून मास्ट्रिख्ट जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. अंतरामुळे बेत फसत नाही, बंद दारामुळे फसतो. बरेच किल्ले सोमवारी बंद असतात, काही हिवाळ्यात शनिवार-रविवारीच उघडतात, आणि लग्नसमारंभ असला की काही दालनं पाहायला मिळत नाहीत. युट्रेख्टजवळचा डे हार हा किल्ला पिएर काउपर्स या वास्तुकाराने 1892 पासून जवळजवळ नव्याने उभारला. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम हे राष्ट्रीय संग्रहालयही त्याचंच. मूळ घराण्याने वर्षातून एक महिना, सप्टेंबरात, तिथे राहण्याचा हक्क राखून ठेवलेला आहे. सप्टेंबरात जाणार असाल तर आतलं काय पाहता येईल हे आधी विचारून घ्या.

दिवसाला दोन किल्ले पुरे. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी पाचच्या सुमारास दारं बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या बराच आधी असतो. सकाळी ॲमस्टरडॅमजवळच्या मौडनचा माउडरस्लॉट आणि दुपारी डे हार, ही जोडी आरामात जमते. लूवेस्टाइन किल्ल्याला मात्र वेळ द्या. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस 1621 मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून पळाला तो हाच तुरुंग. जवळच्या गोरिन्खेम आणि वाउड्रिखेमहून होडी सुटते, पण ती चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी; गाडी तिच्यावर चढत नाही, वळसा घालून यावं लागतं. त्यामुळे फोनवरच्या नकाशात होडीचा (फेरीचा) मार्ग टाळण्याचा पर्याय चालू करून वेळेचा अंदाज घ्या. गाडी तळावर लावून पुढे थोडं चालायचं असतं.

सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्यांनी चढाईची अपेक्षा ठेवू नये. इथले किल्ले सपाटीवर, पाण्याच्या खंदकात उभे आहेत. डोंगरमाथ्यावरचा एकच, दक्षिणेला लिम्बुर्गमधल्या फाल्केनबर्गचा, आणि त्याचेही अवशेषच उरलेत.

किल्ल्यातल्या हॉटेलचं बुकिंग करताना पहिला प्रश्न: खोली मुख्य इमारतीत आहे की आवारातल्या दुसऱ्या? फाल्केनबर्गजवळच्या शातो सेंट गेरलाखसारख्या ठिकाणी खोल्या अनेक इमारतींत विखुरलेल्या आहेत, आणि फोटोतला मनोरा पाहून पैसे भरणारे इथेच हिरमुसतात. मग लिफ्टची चौकशी करा. जुन्या मनोऱ्यात अरुंद गोल जिने असतात, मोठी बॅग वर नेताना दम निघतो. नाश्ता भाड्यात धरलाय का, पर्यटक कर वेगळा लागणार का, खोलीत एसी आहे का, हेही लेखी घ्या. खंदकाकडच्या खोलीत उन्हाळ्यात डास येतात, तेव्हा जाळीचं विचारायला लाजू नका. रात्रीचं जेवण तिथेच करायचं तर टेबल आधीच राखा आणि अंडं-मासे चालतात की नाही हे स्पष्ट कळवा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो.

भारतातून जाणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी आरटीओतून काढावा आणि मूळ परवानाही सोबत न्यावा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो, तसंच मुक्कामांची बुकिंग. भाड्याच्या गाडीच्या अनामतीसाठी बहुधा चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, फॉरेक्स कार्डावर अडतं. पेट्रोलपंप अनेकदा बिनमाणसांचे असतात, त्यामुळे कार्डाचा पिन पाठ हवा. डावीकडच्या स्टीअरिंगची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी लवकर सांगून ठेवा. बेल्जियम वा जर्मनीत डोकावायचं असेल तर भाड्याच्या कंपनीची परवानगी घ्या.

बहुतेक महामार्गांवर सकाळी 6 ते संध्याकाळी 7 पर्यंत वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर. कॅमेरे बरेच आहेत, आणि दंडाच्या वर गाडी भाड्याने देणारे आपलं शुल्क लावतात. रस्त्यावर तुमच्याकडे टोक केलेले पांढरे त्रिकोण दिसले की थांबून दुसऱ्यांना जाऊ द्या; कसलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. उजवीकडे वळताना सरळ जाणारा सायकलस्वार आधी. निळ्या पट्ट्याच्या पार्किंगला पोहोचल्याची वेळ दाखवणारी तबकडी काचेमागे ठेवावी लागते. गाडी ताब्यात घेतानाच ती आत आहे ना बघा. पार्किंगच्या यंत्रात गाडीचा नंबर टाकावा लागतो, त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या.

बॅगेत पावसाचं जॅकेट, सपाट रबरी तळव्याचे बूट आणि एक लहान पिशवी ठेवा. पाठीवरची सॅक अनेक किल्ल्यांत लॉकरमध्येच जाते.