सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर निवडताय? मूठ आणि नळीच्या या चुका टाळा

सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर बघायला गेलेला माणूस दहात आठ वेळा नळीवर भाळतो. साडेसात इंची लांब नळी हातात आली की ती खाली ठेववत नाही, किंवा उलट, पावणेपाच इंची आटोपशीर दिसली की वाटतं हीच आपली, आणि मुठीचं काय तर "ग्रिप काय, नंतर बदलता येतात". माझं म्हणणं साधं आहे, आधी मूठ ठरवा, मग नळी. उलट केलं की पुढचे महिनोन्महिने नेम का लागत नाही हे शोधण्यात जातात.

कारण असं की या प्रकारात ट्रिगर फक्त हॅमर (काडतुसावर आदळणारा मागचा घोडा) सोडतो, हॅमर मागे ओढायचं काम प्रत्येक गोळीला अंगठ्यालाच करावं लागतं. म्हणजे एका हाताने मारताना प्रत्येक वेळी पकड थोडी सुटते आणि परत बसते. ती परत त्याच जागी बसली नाही तर पुढची गोळी वेगळीकडे जाणार, मग नळी कितीही लांब असो.

"ग्रिप नंतर बदलू" ही पहिली चूक

बदलता येतात त्या बाजूच्या पट्ट्या, लाकडाच्या नाहीतर रबराच्या. त्यांनी जाडी बदलते. पण मुठीचा बाक, उंची, ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) मागची जागा, हे सगळं आतल्या धातूच्या फ्रेमवर ठरतं आणि ती फ्रेम बदलणं म्हणजे जुळवाजुळवीचं काम, चांगला कारागीर लागतो. त्यामुळे घेतानाच फ्रेम बघायची, लाकडाचा रंग नाही.

सगळ्यात ओळखीची मूठ म्हणजे नांगराच्या मुठीसारखी वळलेली, 1873 च्या कोल्ट कंपनीच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची, आणि तो आकार त्याही आधीच्या 1851 च्या नेव्ही मॉडेलवरून आलेला. ही मूठ धक्का अडवत नाही, धक्का आला की रिव्हॉल्व्हर तळहातात वरच्या बाजूला फिरतं आणि हॅमर आपसूक अंगठ्याजवळ येतो. लोक इथे काय करतात तर ते फिरणं थांबवायला मूठ आवळून धरतात, नाहीतर वरून चिकट रबराची ग्रिप चढवतात. मग फिरायचं ते फिरत नाही आणि सगळा जोर अंगठ्याच्या बेचक्यात बसतो. साध्या दाबाच्या काडतुसांना गुळगुळीत लाकूडच बरं. करंगळी मावत नसेल तर ती मुठीच्या बुडाखाली घ्या, अनेक जुने नेमबाज तसंच धरतात, त्यात चुकीचं काही नाही.

बिस्ली या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि इथे भरपूर जण फसतात. एक कोल्टची 1894 ची, इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी मैदानावरून नाव पडलेली, टार्गेट शूटिंगसाठी केलेली. दुसरी रूगर कंपनीने 1980 च्या दशकात काढलेली, नाव तेच पण मूठ वेगळी, लांब आणि जास्त सरळ उभी. रूगरवाल्या बिस्लीत धक्का वर फिरण्यापेक्षा सरळ मागे येतो आणि तळहातभर पसरतो, हॅमरचं टोकही खाली आणि रुंद. त्यामुळे .44 मॅग्नम किंवा जड .45 कोल्ट अशा जोरदार काडतुसांसाठी मला तीच पटते. पण हलक्या काडतुसांवर झटपट मारायचं असेल आणि बोटं आखूड असतील तर हीच मूठ अडचण करते, ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोचतं आणि गोळ्या बाजूला जायला लागतात. फोटो बघून बिस्ली मागवू नका, हातात धरून बघा.

पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल बुडाची मूठ आखूड नळीबरोबर छान दिसते, बाळगायलाही सोपी. तिच्यावर जड काडतुसं मारू नका, धरायला जागाच कमी असते.

मधल्या बोटाचं पेर सुजतंय?

मी स्वतः एक मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतलं होतं, ट्रिगर गार्डची मागची बाजू चौकोनी. पहिल्या सहा गोळ्यांतच गार्डची ती कडा मधल्या बोटाच्या पेरावर अशी बसली की संध्याकाळपर्यंत पेर लाल आणि टणक. दोन आठवडे मी काडतुसांना दोष देत बसलो, मग नीट बघितलं तर मी हात इतका वर चढवून धरत होतो की बोट गार्डला टेकलेलंच. टेकलेलं म्हणजे धक्क्याबरोबर मार ठरलेलाच. बोट आणि गार्डमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली आणि गार्डच्या मागची पोकळी भरणारी ग्रिप लावली, त्रास संपला. घेण्याआधी बंदूक रिकामी आहे हे स्वतः डोळ्यांनी बघून पकड घ्या आणि ही फट राहते का ते बघा.

तेव्हाच अजून एक करा. सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून, हात नेहमीसारखा वर आणा आणि डोळे उघडा. पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) मागच्या खाचेत साधारण बसलेली दिसली तर मूठ तुमच्या हाताची आहे. दरवेळी ती वरच तरंगताना नाहीतर खाली बुडालेली दिसली तर तुम्ही आयुष्यभर मनगट वाकवून ती दुरुस्ती करत राहणार. मग पकड न हलवता हॅमर मागे येतो का बघा, अंगठा पुरत नसेल तर दोन हातांनी धरून आधाराच्या हाताच्या अंगठ्याने ओढा, ती काही कमीपणाची गोष्ट नाही, उलट पकड जागेवर राहते.

आता नळी: ताकदीचा गैरसमज

नेहमीची मापं तीन, पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच. लांब नळीने गोळीला खूप जास्त वेग मिळतो असं समजून लोक साडेसात घेतात. ढोबळमानाने इंचामागे सेकंदाला 20 ते 40 फूट एवढाच फरक पडतो, कागदावर मारताना तो जाणवतही नाही. खरा फायदा दोन साईटमधल्या अंतराचा. समजा हे अंतर आखूड नळीवर 15 सेंटीमीटर आहे आणि लांबवर 22. पुढची साईट अर्धा मिलिमीटर हलली तर 25 मीटरवर पहिलीची गोळी सव्वाआठ सेंटीमीटर सरकते, दुसरीची पावणेसहाच्या आत. वयामुळे जवळचं धूसर दिसायला लागलं असेल तर लांब नळीवर पुढची साईट डोळ्यापासून लांब जाते आणि स्वच्छ दिसते, हे कोणी सांगत नाही पण फार उपयोगाचं आहे.

पण लांब नळीचं वजन पुढे जातं. मनगटात जोर कमी असेल तर तिसऱ्या फेरीपासून तोंड खाली झुकायला लागतं आणि माणूस म्हणतो साईट बिघडली. होल्स्टरमध्ये घालून खुर्चीत बसा, साडेसात इंच कुठे टोचतं ते लगेच कळेल. कशासाठी घ्यायचं हे ठरलेलं नसेल तर मी साडेपाचच सांगतो.

पावणेपाचपेक्षा आखूड घेताना एजेक्टरची कांडी, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी नळीखालची कांडी, बघा. नळी छोटी म्हणून कांडी छोटी, आणि .357 मॅग्नमचं किंवा .45 कोल्टचं लांब केस (काडतुसाचं धातूचं कवच) ती पूर्ण बाहेर ढकलत नाही. केस अर्ध्यावर लटकतं, मग नखाने ओढायचं, आणि नुकतंच उडवलेलं केस गरम असतं. तोंड वर करून कांडी एकदा झटक्यात मारली तर बरेचदा निघतं, तरी रोज तेच करायचं असेल तर पावणेपाच घ्या.

गोळी खाली लागते म्हणून लगेच कानस घेऊ नका

फिक्स, म्हणजे हलवता न येणाऱ्या साईटवाल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही सगळ्यात महागडी चूक. पुढची साईट घासली की गोळी वर जाते हे खरं, पण घासलेलं परत येत नाही. जड, हळू गोळी नळीत जास्त वेळ असते, तोवर धक्क्याने तोंड वर उचललेलं असतं, म्हणून ती वर लागते, हलकी आणि वेगवान खाली. म्हणजे काडतूस बदललं की उंची बदलणार, आणि मूठ बदलली, पकड ढिली-घट्ट झाली तरी बदलणार. म्हणून आधी ग्रिप पक्की, मग काडतूस पक्कं, मग वाळूच्या पिशवीवर टेकवून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मारून बघा. 25 मीटरवर 10 सेंटीमीटर खाली लागत असेल तर आखूड नळीवर जेमतेम 0.6 मिलिमीटर घासायचं असतं, लांब नळीवर 0.9 च्या आसपास. कानसीचे चारपाच हात फिरले की एवढं सहज जातं. डावी-उजवीकडे जात असेल तर आधी बोट ट्रिगरवर कुठे बसतंय ते बघा, त्यानंतर नळी किंचित फिरवण्याचं काम कारागिराकडे.

छोट्या मुठीवर दोन्ही हात मावत नाहीत म्हणून आधाराचा हात पुढे फ्रेमखाली सरकतो. तिथे सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळीच्या फटीतून जळता वायू बाजूला फेकला जातो, बोट सोलून निघतं. हात ट्रिगर गार्डच्या मागेच ठेवा.

आणि रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं असेल, म्हणजे हॅमर खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडाला टेकत असेल, तर मूठ-नळी काहीही असो, सहापैकी पाचच काडतुसं भरायची आणि हॅमरखाली सिलिंडरचं रिकामं घर. एक भरा, एक सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण मागे घ्या आणि हळू खाली सोडा. रूगरच्या 1973 नंतरच्या मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा मार काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) आहे, तिथे सहा चालतात.

चुकून लांब नळी घेऊन बसला असाल तर कापायची घाई नको. कापल्यावर पुढची साईट नव्याने बसवावी लागते, उंची परत पहिल्यापासून जुळवावी लागते, आणि पावणेपाचच्या खाली गेलात तर एजेक्टरच्या कांडीची नळीही छाटावी लागते, म्हणजे अडकणाऱ्या केसची तीच कटकट पैसे देऊन घरी आणल्यासारखं. त्याआधी पट्ट्याच्या आडव्या होल्स्टरमध्ये एकदा वापरून बघा, बसताना टोचणं बरंच कमी होतं.